पुतळ्याखाली पुढाऱ्याचे नाव, मग शिल्पकाराचे का नाही?



तुमच्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या कुठल्याही पुतळ्यापाशी जा आणि चौथऱ्यावरची कोनशिला नीट वाचा. अनावरण कोणाच्या शुभहस्ते झाले, प्रमुख पाहुणे कोण होते, नगराध्यक्ष कोण होते, निधी कोणत्या आमदाराच्या फंडातून आला, ठेकेदार कोण, हे सगळे तिथे कोरलेले असते. काही ठिकाणी तर माजी नगरसेवकांची यादीही असते. फक्त एक नाव बहुतेक वेळा सापडत नाही. ज्याने मातीत बाबासाहेबांचा चेहरा घडवला, ज्याने चष्म्यामागची नजर आणि कोटाची घडी महिनोन्‌महिने खपून उतरवली, त्या शिल्पकाराचे.

हा विसर योगायोगाने पडत नाही. हाताने काम करणाऱ्याला नाव नसते, नाव असते ते करवून घेणाऱ्याला, ही या देशातली जुनी समजूत आहे. त्या समजुतीचा पाया जात आहे. महाराष्ट्रात चित्रकार-शिल्पकारांना समाजाने आणि सरकारने कसा आधार दिला, कोणाला मान्यता दिली आणि कोणाला निनावी ठेवले, हा इतिहास आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे. कारण त्यात सरकारचा हिशेब जसा आहे तसा आपलाही आहे.

लेण्यांच्या भिंतीवरची नावे

सुरुवात दोन हजार वर्षांपूर्वीपासून करू. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ कोंडाणे लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. राजाचे नाव नाही, पदवी नाही. शिष्याने आपले नाव लिहिले आणि ज्याच्याकडे शिकला त्याचेही लिहिले.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोरे लेणी आहेत. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने ही केली, असे कोरलेले आहे. हिरण्यकार म्हणजे सोनार. सोन्याचे काम करणारा माणूस दगडाची मूर्ती घडवतो आणि तिच्यावर स्वतःचे नाव घालतो. एका जातीने एकच धंदा करावा असा दंडक त्या हाताला आडवा आलेला दिसत नाही.

लोणावळ्याजवळच्या कार्ले चैत्यगृहात प्रवेशद्वाराचे काम धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचा लेख आहे. त्याच्या बापाचे नावही त्यात आहे. त्याच लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, यवनांचे आहेत, भिक्षुणींच्या दानाचेही आहेत. धनाढ्य श्रेष्ठी आणि लाकूड तासणारा सुतार एकाच इमारतीवर आपापली नावे लिहितात. नाशिकच्या लेण्यांतल्या चैत्यगृहाच्या कमानीवरचा लेख तर एका अख्ख्या गावाच्या दानाचा आहे. धंभिक गावाने दर्शनी भागाचे दान दिले. आजच्या भाषेत सांगायचे तर गावाने वर्गणी काढली.

कलेला लोकाश्रय म्हणतात तो हा. राजे होतेच. सातवाहनांचे लेख आहेत, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लांबलचक लेख आहे. पण त्यांच्या बरोबरीने कारागीर, व्यापारी, गृहिणी, भिक्खू आणि गावे यांनी थोडेथोडे देऊन ही कला उभी केली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बौद्ध लेण्यांत प्रत्येक कलावंताचे नाव आहे असे नाही. हजारो हात निनावीच राहिले. अजिंठ्याचा पद्मपाणी कोणी रंगवला हे कोणालाही सांगता येणार नाही. उलट नंतरच्या काळात कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांवर मल्लितम्मासारख्या शिल्पींची नावे आढळतात. त्यामुळे बौद्ध काळात सगळ्यांना नाव होते आणि पुढे कोणालाच नव्हते, असा सरळसोट दावा मी करणार नाही. आपले विरोधक असा दावा एका उदाहरणात मोडून काढतील. माझा मुद्दा वेगळा आहे. शिष्य, सोनार, सुतार हे आपले नाव धम्मस्थळावर लिहू शकत होते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते, याचा पुरावा आपल्याच डोंगरात आहे.

मनूने हाताची किंमत काय ठरवली?

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे की द्विजांची सेवा करून पोट भरत नसेल, तर शूद्राने कारागिरीवर जगावे. म्हणजे शिल्पकला ही शूद्राची नाइलाजाची उपजीविका. चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे, त्यात कारागिराचे अन्न संततीचा नाश करते असे म्हटले आहे. त्याने घडवलेली मूर्ती गाभाऱ्यात चालते, त्याच्या घरचा घास मात्र चालत नाही!

समाजशास्त्राच्या वर्गात आपण जात आणि व्यवसाय यांचा संबंध शिकतो. बाबासाहेबांनी तो फार नेमका पकडला. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रम करणाऱ्यांचीच ती विभागणी आहे आणि त्यांना एकावर एक रचणारी उतरंड आहे, हे त्यांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. कलेच्या क्षेत्रात याचा परिणाम काय झाला? सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, तांबटाचा तांबट. त्याचे कौशल्य त्याचे स्वतःचे धरलेच गेले नाही. ते जातीचे लक्षण ठरले. आणि लक्षणाला कोणी बक्षीस देत नाही, त्याला बलुते देतात. घरे बांधणारा, मूर्ती घडवणारा, भिंती सारवून त्यावर चित्रे काढणारी, हे सगळे कसबी ठरले. कलावंत हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही.

इंग्रजांचे आर्ट स्कूल आणि शाहूंचे कोल्हापूर

१८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. इथल्या कारागिरांचे कसब सुधारावे हा मूळ विचारांपैकी एक होता. कागदावर ही मोठी संधी होती, कारण सरकारी शाळेच्या दारात जात विचारायची नव्हती. प्रत्यक्षात चित्रकला हा शिक्षित वर्गाचा व्यवसाय होत गेला आणि कारागिरी वेगळ्या खोलीत गेली. १८९१ साली कारागिरीसाठी रे आर्ट वर्कशॉप्स निघाली. ललित कला एकीकडे, हस्तकला दुसरीकडे. वरकरणी ही अभ्यासक्रमाची सोय होती. आपल्या समाजात मात्र ती आयत्या तयार असलेल्या उतरंडीवर जाऊन बसली.

याच शाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या घाणीत या तरुणांनी हंगामामागून हंगाम काढले. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली आणि त्यातल्या कितीतरी प्रतिकृती जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे दोन भव्य खंड निघाले. जगाला अजिंठा दाखवणारे पुस्तक म्हणून ते ओळखले जातात, पण ते ओळखले जातात ग्रिफिथ्सच्या नावाने. पेस्तनजी बोमनजींसारखे एखादे नाव अभ्यासकांना माहीत असते. बाकीचे 'विद्यार्थी' झाले. बुद्धाची चित्रे ज्यांच्या हातांनी दुसऱ्यांदा जगली, त्यांचीही तीच गत.

या काळात एक वेगळे उदाहरण कोल्हापुरात घडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपल्याला पाठ असते. पण त्यांचा कलाश्रय आपण आरक्षणाच्या गोष्टीपासून तोडून वाचतो. त्यांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहमान हे मुसलमान होते. जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थाच्या काठावर निसर्गचित्रे रंगवत राहिले. बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले, सुतारकाम आणि शिल्पकाम घरातच. कुठल्याही आर्ट स्कूलची पदवी नाही. या माणसाने नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पे केली, कॅमेरा स्वतः बनवला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. शाहू महाराजांचे पाठबळ त्यांच्या मागे होते. आणि बघा, आडनाव मेस्त्री असलेल्या माणसाला लोकांनी 'पेंटर' या नावाने ओळखले. जातीच्या धंद्याच्या जागी त्याची कला नावात आली. मान्यता म्हणतात ती याला.

याच कोल्हापुरात बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. यामागे पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा. सत्यशोधक आणि प्रजा परिषदेचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते हे किती जणांना ठाऊक आहे? चळवळीत कलावंत होते. आपण त्यांची 'नेता' ही ओळख जपली आणि 'कलावंत' ही ओळख गाळली.

राज्य झाले, संचालनालय झाले, मग?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६५ साली स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले. ही गोष्ट छोटी नव्हे. शासकीय चित्रकला महाविद्यालये, राज्य कला प्रदर्शन, शाळाशाळांतून होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, हे सारे या खात्याकडे आहे. झोपडपट्टीतल्या, वाडीवरल्या लाखो पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी शिक्का असलेले प्रमाणपत्र पाहिले ते या चित्रकलेच्या परीक्षेचे. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण इंटरमिजिएटचा 'ए' ग्रेड मिळवणाऱ्या त्या पोरीचे पुढे काय होते? राज्य प्रदर्शनात चित्र पाठवायचे तर चौकट, वाहतूक, रंग, कॅनव्हास यांचा खर्च आधी स्वतः करायचा. मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, पण तिथे प्रदर्शन भरवणे म्हणजे दालनाचे भाडे आणि शहरात राहण्याचा खर्च. परभणीच्या किंवा वाशिमच्या मुलीने तिथवर कसे पोचायचे? बक्षीस शेवटच्या पायरीवर ठेवले आहे आणि मधल्या पायऱ्याच नाहीत.

राज्याचा सर्वोच्च सन्मान पाहू. महाराष्ट्र भूषण पुरस्कार १९९६ साली सुरू झाला. पहिला पु. ल. देशपांडे यांना. त्यानंतर गायक, वैज्ञानिक, क्रिकेटपटू, उद्योगपती, डॉक्टर, अभिनेते, निरूपणकार असे अनेक जण या यादीत आले. चित्रकार वा शिल्पकार मात्र एकही नव्हता. पहिला आला तो २०२४ सालच्या पुरस्काराला, राम सुतार. पुरस्कार जाहीर झाला मार्च २०२५ मध्ये. तेव्हा त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती!

राम सुतारांचे चरित्र आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. धुळे जिल्ह्यातले गोंदूर गाव, वडील सुतारकाम करणारे. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकाने मुलाचा हात ओळखला आणि त्याला जे. जे. ला धाडले. १९५३ साली मेयो सुवर्णपदक. त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम. कार्ल्याच्या सामी सुतारापासून गोंदूरच्या राम सुतारांपर्यंत रेघ ओढून पाहा. सामीला आपले नाव त्याच दारावर लिहिता आले. राम सुतारांना आपल्या राज्याच्या सर्वोच्च यादीत नाव यायला शंभरी गाठावी लागली.

आदिवासी कलावंत 'लोक' का आणि बाकीचे 'कलावंत' का?

आणखी एक उदाहरण घेऊ. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा चित्रकार हस्तकला विभागाच्या कामानिमित्त वारली पाड्यांवर पोचला. त्याने झोपडीच्या भिंतीवरचे चित्र कागदावर आणायला उत्तेजन दिले. म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. सरकारी आधाराने एक कला जगभर गेली, याचा आनंद आहेच.

पण त्याच वेळी काय झाले तेही पाहा. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम वारली समाजात सवाशिणी करत. कागद आला, बाजार आला, पुरस्कार आले, तेव्हा नावे बहुतेक पुरुषांची झाली. आणि आज वारली चित्र चहाच्या कपावर, साडीवर, विमानतळाच्या भिंतीवर, सरकारी कचेरीच्या कुंपणावर दिसते. त्याखाली कोणाचेही नाव नसते. 'वारली' हे समाजाचे नाव तेवढे शिल्लक राहते. एखाद्या नामवंत चित्रकाराच्या शैलीची नक्कल करून कोणी कुंपण रंगवले तर वाद होतील. वारली शैली मात्र कुणीही उचलावी, कारण ती 'लोककला'! व्यक्ती नाही, जमात आहे. मनूच्या कारागिराशी याचे नाते तुम्हाला दिसते का?

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा अशीच. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ती टिकली. संस्थान गेले आणि पोथ्या अडगळीत पडल्या. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सरकार शेवटी सन्मान करायला आले, पण कला जपण्याचे काम एका आदिवासी कुटुंबाने गोठ्यात केले होते.

पुरस्कार देताना सरकार 'लोककलावंत' असा वेगळा कप्पा करते. हेतू चांगला असेलही. पण त्यामुळे संग्रहालयाच्या मुख्य दालनात एक जण आणि हस्तकला मेळ्याच्या मंडपात दुसरा, ही वाटणी कायम राहते. इंग्रजांनी आखलेली ललित कला आणि हस्तकला यांच्यामधली भिंत आपल्या लोकशाही सरकारने पाडली नाही, तिला रंग दिला.

आंबेडकरी समाजाने स्वतः काय केले?

आता आपल्याकडे वळू. सरकारवर टीका करणे सोपे आहे.

दिल्लीत संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. तो सरकारी खर्चातून झालेला नाही, आंबेडकर स्मारक समितीने तो संसदेला भेट दिला. २०२४ साली तो मूळ जागेवरून हलवला तेव्हा आपण सगळे संतापलो, आणि ते बरोबरच होते. पण तो पुतळा घडवला कोणी? मुंबईचे शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी. त्या आंदोलनाच्या दिवसांत माझ्या मोबाइलवर आलेल्या शेकडो संदेशांत हे नाव मला एकदाही दिसले नाही.

या राज्यात गेल्या सत्तर वर्षांत चित्र-शिल्पाला सर्वांत मोठा लोकाश्रय कोणी दिला असेल, तर तो आपल्या माणसांनी, असे माझे ठाम मत आहे. शेतमजूर बाईने मजुरीतले दहा रुपये पुतळ्याच्या वर्गणीत टाकले. गिरणी कामगाराने खोलीत पहिली वस्तू लावली ती बाबासाहेबांची तसबीर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी मूर्ती, कॅलेंडरे, बुद्धाची चित्रे, बिल्ले यांची रांग लागते. हजारो लोक ती विकत घेतात. धंभिक गावाची परंपरा कोणी चालवत असेल, तर ती ही माणसे चालवतात. कुठल्याही अकादमीने एवढी चित्रे घराघरांत पोचवली नसतील.

मात्र या चित्रांचे चित्रकार कोण? संविधान हातात घेतलेल्या बाबासाहेबांचे जे चित्र आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, ते पहिल्यांदा कोणी रंगवले? मोर्चाचे फलक, नामांतर आंदोलनातल्या भिंती, जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे कोणी केले? वस्तीत असा एक 'पेंटर' हमखास असायचा. दुकानाच्या पाट्या रंगवून पोट भरायचा आणि एप्रिल उजाडला की रात्र-रात्र जागून बॅनर करायचा, बहुतेक वेळा फुकट, 'समाजाचे काम' म्हणून. मग फ्लेक्स आला आणि एका रात्रीत त्याचा ब्रश बाजूला पडला. आपण त्याला विचारलेही नाही की दादा, आता घर कसे चालते?

अशाच एका पेंटरकाकांचा मानधनाचा अर्ज मी काही वर्षांपूर्वी भरून दिला होता. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये देते. योजना चांगली आहे. पण कचेरीत पुरावे मागितले. कार्यक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे. शाहिराकडे, तमाशा कलावंताकडे निदान मंचावरचा एखादा फोटो असतो. ज्याने मंचामागचा पडदा रंगवला तो फोटोत नसतो. काकांनी चाळीस वर्षांत रंगवलेली एकही भिंत आज उभी नाही, आणि ज्या मंडळांसाठी त्यांनी रंगवले, त्यांतल्या एकानेही कधी त्यांना साधा कागद दिला नव्हता. अर्ज परत आला. नाव न लिहिण्याची किंमत म्हातारपणी रुपयांत मोजावी लागते, ती अशी.

आपल्यातले काही चित्रकार या सगळ्यातून पुढे गेले. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचे आणि देवदासीचे वास्तव अंगावर येईल अशा रेषांत मांडले. मुंबईचे विक्रांत भिसे आज आंबेडकरी चळवळीची स्मृती कॅनव्हासवर आणत आहेत. दलित साहित्याला १९६० नंतर समीक्षक मिळाले, मासिके मिळाली, संमेलने मिळाली. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाच कवींची नावे सांगता येतात. पाच चित्रकारांची सांगून दाखवा. शब्दाला आपण मान दिला, कारण शिक्षणाने तो आपल्याला मिळाला होता. हाताच्या कामाकडे पाहताना मात्र जुन्या समाजाची नजर आपल्या डोळ्यांत उरली आहे.

ठेका की कला?

शिल्पकाराला नाव न देण्याचे आणखी एक कारण आजच्या राजकारणात आहे. पुतळा आता बांधकामासारखा होतो. उंची किती फूट, मुदत किती महिने, अनावरणाची तारीख कोणाच्या सोयीची, एवढेच प्रश्न उरतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उघडला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. आपल्या राज्यात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते. मंजुरी दिली होती ती सहा फुटी नमुन्याला, असे तेव्हा संचालनालयाकडून सांगण्यात आले. मग पुढे एवढा मोठा पुतळा कोणाच्या सल्ल्याने झाला? कलावंताची निवड कोणी केली, त्याचा अनुभव कोणी तपासला, त्याला पुरेसा वेळ कोणी नाकारला? कला ही जाणकारीची गोष्ट आहे असे मानणाऱ्या व्यवस्थेत हे प्रश्न पुतळा पडण्याआधी विचारले जातात.

इंदू मिलच्या स्मारकातला बाबासाहेबांचा ३५० फुटी पुतळाही राम सुतारांच्या शिल्पशाळेतून आकाराला आला आहे. अनावरणाच्या दिवशी तिथल्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावे किती आणि शिल्पकाराचे नाव कुठे, हे पाहायला आपण सगळ्यांनी जायचे आहे.

आपल्या मागण्या आणि आपले काम

सरकारकडे आपण हे मागितले पाहिजे:

१. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक पुतळ्यावर, भित्तिचित्रावर आणि स्मारकावर कलावंताचे नाव अनावरणकर्त्याइतक्याच ठळक अक्षरांत लिहिणे बंधनकारक करावे.

२. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी बिनभाड्याचे कलादालन असावे आणि राज्य कला प्रदर्शनासाठी अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त आणि गरीब घरांतल्या कलावंतांना साहित्य व वाहतुकीचा खर्च आधी द्यावा.

३. मानधन योजनेत पाटी रंगवणारे पेंटर, मूर्तिकार, वारली व चित्रकथी कलावंत, विशेषतः स्त्रिया, यांच्यासाठी पुराव्याची वेगळी पद्धत ठेवावी. वस्तीतल्या लोकांची साक्ष पुरावा म्हणून मान्य व्हावी.

४. सरकारी भिंतीवर आदिवासी शैलीतले चित्र काढायचे असेल तर ते काम त्या समाजाच्या कलावंतालाच द्यावे, त्याच्या नावासकट आणि योग्य मोबदल्यासकट.

आणि सरकारची वाट न पाहता आपण करायचे काम यापेक्षा सोपे आहे. येत्या १४ एप्रिलच्या आत आपल्या गावातल्या, वस्तीतल्या पुतळ्याचा शिल्पकार शोधा. जयंती मंडळाच्या जुन्या वहीत, वर्गणीच्या पावतीपुस्तकात, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत ते नाव सापडेल. सापडले की एक छोटी पाटी करून चौथऱ्यावर लावा. विहारातल्या बुद्धमूर्तीचा मूर्तिकार, भिंतीवरच्या चित्राचा चित्रकार यांचीही नोंद करा. जुन्या पेंटरकाकांचे काम सांगणारे पत्र मंडळाच्या लेटरहेडवर, तारीख घालून, सहीशिक्क्यानिशी द्या. त्या एका कागदावर उद्या त्यांचे मानधन मंजूर होऊ शकते. जयंतीच्या मंचावर एक शाल त्यांच्यासाठी ठेवा. मुलांची चित्रकला स्पर्धा घेता, तशी एकदा वस्तीतल्या चित्रकारांची चित्रे विहारात लावा आणि विकत घ्या.

कोंडाण्याच्या बलकाने आपले नाव कोरले तेव्हा कोणत्याही शासन निर्णयाची गरज पडली नव्हती. ज्या संघासाठी तो काम करत होता, त्या संघाला ते नाव तिथे असण्यात काही गैर वाटले नाही, एवढेच पुरेसे होते. आपण त्या संघाचे वारस म्हणवतो. तर मग चौथऱ्यावर त्या एका नावाला जागा करून देणे आपल्याला जमलेच पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!